परतीचं वळण: हलक्या विमानाने रॉकीजमध्ये शिरताना

पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्यांनी तिथला उलटा धबधबा पाहिला असेल. पाणी कड्यावरून खाली उडी घेतं आणि कोकणातून वर चढणारा वारा ते मधेच उचलून पुन्हा पठारावर, बघणाऱ्यांच्या तोंडावर आणून टाकतो. डोंगरात विमान उडवायला शिकत होतो तेव्हा इन्स्ट्रक्टर फळ्यावर बाण काढून वारा समजावत होता आणि मला मात्र नाणेघाट दिसत होता. डोंगरावर आदळलेला वारा वर चढतो, ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आपल्या घाटमाथ्यावर नीट कळत नाही, कारण कडा चढून गेलं की पुढे पठार लागतं. रॉकीजमध्ये धारेपलीकडे बहुधा दुसरी दरी असते, आणि चढलेला वारा तिथे तितक्याच जोरात खाली कोसळतो. फक्त तो दाखवून द्यायला तिथे पाणी नसतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत किंवा आसपास राहून नुकताच स्पोर्ट पायलटचा, म्हणजे छोटी हलकी विमानं उडवायचा, परवाना घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. सपाट भागात थोडे तास उडवून झाले की पश्चिमेचे बर्फाचे डोंगर खुणावू लागतात, हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका. डोंगरात नेहमी उडवणारा इन्स्ट्रक्टर शेजारी हवा. कोलोरॅडो पायलट्स असोसिएशनचा डोंगरी उड्डाणाचा कोर्स आहे, त्यात वर्गातले धडे आणि प्रत्यक्ष उड्डाण दोन्ही असतं. पुढचं सगळं तिथे जाण्याआधी डोक्यात असावं म्हणून.

उदाहरणाला एक वाट धरू. डेनव्हरच्या पश्चिमेकडून 285 क्रमांकाचा महामार्ग पकडायचा, 10,000 फुटांची केनोशा खिंड ओलांडून साउथ पार्कच्या उंच माळावर उतरायचं, तिथून ट्राउट क्रीक खिंडीतून आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात, आणि खोऱ्यातून उत्तरेला लेडव्हिलपर्यंत. लेडव्हिलचा विमानतळ 9,934 फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच. नवख्यांना ही वाट दाखवतात, कारण बराच वेळ खाली रस्ता असतो. रस्ता हा उत्तम नकाशा आहे, आणि इंजिन रुसलं तर धावपट्टीही.

विमानाची कुवत आधी

2004 च्या नियमांनुसार जन्मलेलं लाइट स्पोर्ट विमान म्हणजे दोन आसनं आणि भरलेलं वजन जास्तीत जास्त 600 किलो. 2025 मध्ये नियम सैल झाले आणि स्पोर्ट पायलटला मोठी विमानंही मोकळी झाली, पण क्लबात भाड्याने मिळतात ती बहुतेक जुन्या मापाची, रोटॅक्स 912 इंजिनाच्या 100 अश्वशक्तीवर चालणारी. मी त्यांच्याबद्दलच बोलतोय.

100 अश्वशक्ती समुद्रसपाटीला. दर हजार फुटांना साधारण 3 टक्के गळत जातात. शिवाय मोजायची ती नुसती उंची नाही, हवेच्या विरळपणाची उंची, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड. लेडव्हिलला जुलैच्या दुपारी 20 अंश तापमान असेल तर प्रमाण वातावरणापेक्षा, म्हणजे त्या उंचीला धरल्या जाणाऱ्या उणे 5 पेक्षा, ते 25 अंशांनी जास्त झालं. प्रत्येक अंशाला 120 फूट धरा. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळजवळ 12,900 फुटांवर गेली, आणि इंजिनात उरले साठ-पासष्ट घोडे. त्याच दिवशी सकाळी 7 अंश असताना हाच आकडा 11,400 च्या आत असतो. धावपट्टी तीच, फक्त अलार्म किती वाजताचा लावला त्यावर दीड हजार फुटांचा फरक.

या उंचीवर विमान मिनिटाला 250-300 फूट चढलं तर चांगलं म्हणायचं. आणि धारेच्या आडोशाला खाली येणारा वारा मिनिटाला हजार-दीड हजार फुटांचा सहज असतो. वजाबाकी तुम्हीच करा. स्टीव्ह फॉसेट हा जगप्रदक्षिणा करणारा वैमानिक 3 सप्टेंबर 2007 रोजी सिएरा नेवाडात गेला, तो असाच. त्याच्या छोट्या विमानात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, 180 अश्वशक्तीचं इंजिन होतं. खाली येणारा वारा विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा जास्त ठरला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. म्हणून टाकी आणि सामान दोन्ही कमी ठेवा. इंधन गरजेइतकं अधिक तासाभराचं, आणि शेजारी वजनदार मित्र असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. रागावेल, पण समजून घेईल.

आदल्या रात्री

वरच्या वाऱ्याचा अंदाज उघडा आणि 9,000 व 12,000 फुटांचे आकडे बघा. जमिनीवरचं वारं शांत आहे यावर विसंबू नका. माझा नियम असा: 12,000 फुटांवर 15 नॉटपेक्षा (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) जास्त वारा असेल तर नवख्याने जाऊ नये, 20 च्या वर असेल तर या विमानातून कोणीच नाही. मोठ्या विमानांचे लोक 25 नॉट म्हणतील. त्यांच्या पंखांवर दर चौरस मीटरला सत्तरेक किलो भार असतो, आपल्यावर पन्नासच्या आसपास. जितका भार कमी, तितकी झुळूक पंखाला जास्त हलवते. कागदी होडी आणि लाकडी होडीतला फरक.

इथे नियमातली एक गंमत लक्षात घ्या. स्पोर्ट पायलटला 10,000 फूट किंवा जमिनीपासून 2,000 फूट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंतच जाता येतं. आणि डोंगरातला जुना सल्ला म्हणतो, धार किमान 1,000 फूट वरून ओलांडा, वारा 20 नॉटच्या पुढे असेल तर 2,000 किंवा जास्त. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी सुरक्षित उंची जिथे सुरू होते तिथेच तुमची परवानगी संपते. नियम करणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण अर्थ सरळ आहे: वाऱ्याच्या दिवशी घरी बसा.

सकाळी निघताना खिंडींवरच्या हवामान केंद्रांची नोंद ऐका. कोलोरॅडोने मोनार्क, ला व्हेटा, विल्करसन अशा खिंडींवर स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत, ती प्रत्यक्षातला वारा सांगतात. मग आकाश बघा. शिखरांच्या पूर्वेला मसुराच्या दाण्यासारखे गुळगुळीत ढग एकाच जागी थबकलेले दिसले तर वर वाऱ्याच्या लाटा आहेत. त्यांच्या खाली, धारेच्या उंचीला फाटक्या कापसासारखा गुंडाळत जाणारा ढग असेल, तर तो रोटर, हवेचा गरगरणारा भोवरा. त्यात शिरलेली मोठी विमानंही मोडली आहेत. कोरड्या हवेत हे ढग बनतच नाहीत, म्हणून ढग नाहीत म्हणजे लाटा नाहीत असं समजू नका. शिखरांवरून बर्फाचा भुगा धुरासारखा उडत असेल तर तोही तेच सांगतोय.

उजाडता उजाडता निघायचं आणि दहा-साडेदहाच्या आत चाकं जमिनीला लागलेली हवीत. उन्हाने तापलेल्या उतारांवरून हवा उसळायला लागली की दुपारी वाराही वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मान्सून म्हणतात तो प्रकार असतो: दुपारी ढग दाटतात, पाऊस झालरीसारखा लोंबतो आणि जमिनीवर पोचण्याआधी हवेत विरून जातो. दिसायला फार सुंदर. त्या झालरीखाली थंड हवेचा लोंढा जमिनीवर आपटत असतो. तिच्या जवळपासही फिरकू नका.

परतीचं वळण

2 ऑक्टोबर 1970 रोजी विचिटा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ दोन मार्टिन 404 विमानांनी युटाला निघाला होता. डेनव्हरला इंधन घेतल्यावर एक विमान नेहमीच्या लांबच्या वाटेने गेलं. दुसऱ्याने प्रवाशांना डोंगर दाखवायला क्लिअर क्रीकच्या दरीतून जाणारी निसर्गरम्य वाट धरली. त्या भागाचे नकाशे थांब्यावर विमानतळावरच विकत घेतले होते. दरी वर चढत गेली, विमान तितकं चढेना. विमान भारलेलंही होतं. समोर लव्हलँड खिंडीजवळची डोंगराची भिंत आली तेव्हा वर निघता येत नव्हतं आणि मागे फिरायला रुंदी उरली नव्हती. 40 पैकी 31 जण गेले. तपासात कारण म्हणून हेच दोन मुद्दे लिहिले गेले: समोरचा डोंगर चढता येणार नाही आणि उलटं वळताही येणार नाही, अशा उंचीवर दरीत उडणं.

ट्रेकिंग केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. अनोळखी नाळेत खालून शिरलात आणि वर कातळ निघाला तर निदान बसून विचार करता येतो. विमानाला बसता येत नाही. म्हणून डोंगरात दर मिनिटाला स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: आत्ता, या जागी, मी कुठे वळणार?

त्याला आकड्याचं उत्तर लागतं. समुद्रसपाटीला 70 नॉटने, 30 अंश कलून वळलात तर वर्तुळाचा व्यास साधारण 1,500 फूट. आता तेच वळण 12,900 फुटांच्या विरळ हवेत घ्या. काटा 70 च दाखवतो, पण खरा वेग 85 नॉट झालेला असतो, आणि वळणाचा व्यास वेगाच्या वर्गाने वाढतो: 2,200 फूट. 45 अंश कललात तर तो 1,300 वर येतो, पण मग स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, 19 टक्के वाढतो. सरळ उडताना तो 45 नॉट असेल तर वळणात साडेत्रेपन्न. 70 वर असाल तर हातात वाव आहे, 58 वर असाल तर जवळजवळ नाही. हे वळण सपाटीवर, भरपूर उंचीवर, इन्स्ट्रक्टरबरोबर इतक्यांदा घोटा की नाक वर न जाता, वेग न घटता ते हाताला सापडेल.

दरीत कधीही मधोमध उडू नका. मधे असलात तर वळायला अर्धीच रुंदी मिळते. एका कडेने जा, आणि वारा जिच्यावर आदळतो ती कडा निवडा. आर्कान्सा खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेला माउंट प्रिन्सटन, येल, हार्वर्ड, पुढे एल्बर्ट अशी 14,000 फुटांवरची शिखरं, त्यांच्या पायथ्याला वारा कोसळतो. तोच पुढे खोरं ओलांडून पूर्वेच्या मॉस्किटो रांगेवर आपटतो आणि वर चढतो. म्हणून लेडव्हिलकडे जाताना पूर्वेची, म्हणजे तुमच्या उजव्या हाताची बाजू धरा. वारा फुकट उचलून देतो, समोरून येणारं विमान डावीकडून जातं, आणि फिरायची वेळ आलीच तर सगळं खोरं डाव्या हाताला मोकळं असतं. वळताना तोंड वाऱ्याकडे जातं, त्यामुळे जमिनीवरचं वर्तुळही आखूड होतं. दुपारचं वारं वेगळ्या दिशेचं असेल तर हा हिशोब पुन्हा मांडायचा. पाठ केलेली बाजू कामाची नाही.

आणि अनोळखी दरीत खालून वर शिरायचं नाही. ती बघायचीच असेल तर आधी उंची मिळवा, वरच्या टोकाने शिरा, उताराच्या दिशेने या.

खिंड ओलांडताना

लागणारी उंची खिंडीच्या निदान चार-पाच मैल आधीच मिळवा. जवळ जाऊन चढू म्हणणं म्हणजे घाटाच्या शेवटच्या वळणावर गिअर शोधणं. केनोशाला मी 11,500 वर असतो.

धारेकडे सरळ, काटकोनात जाऊ नका. 45 अंशांच्या तिरक्या रेषेत जा. अचानक विमान खाली बसू लागलं, तर तिरकं असताना पाव वळणात तुम्ही डोंगरापासून दूर निघता. सरळ असताना अर्धं वळण लागतं.

आता एक खूण, जी कुठल्याही यंत्रापेक्षा मला खात्रीची वाटते. खिंडीच्या माथ्यावर नजर ठेवा आणि तिच्यामागची जमीन बघत राहा. मागची जमीन हळूहळू जास्त दिसू लागली, एक झाड, मग कुंपण, मग रस्त्याचा तुकडा, तर तुम्ही वर आहात. जे दिसत होतं ते माथ्याआड जायला लागलं तर तुम्ही खाली येताय, काटा काहीही म्हणो. लगेच वळा. थोडं थांबून बघू, हा विचार तिथे करायचा नाही. इंजिन बंद पडलं तरी तरंगत पलीकडे जाता येईल इतके जवळ आणि इतके वर आलात, की मगच तिरकी रेषा सोडून सरळ ओलांडा.

दरीत शिरल्यावर क्षितिज फसवतं. दोन्हीकडे डोंगर असले की डोळा त्यांच्या माथ्यालाच क्षितिज समजतो आणि हात नकळत नाक वर धरतो. वेग घटत जातो, आणि विमान चढत का नाही याचं आश्चर्य वाटत राहतं. दर थोड्या वेळाने नजर वेगाच्या काट्यावर हवी.

हवा खवळली तर

एका ऑक्टोबरात पुण्याहून मावसभाऊ आला होता. 12,000 फुटांचा अंदाज 22 नॉट होता. माझाच नियम मला माहीत होता, पण त्याचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. डोंगरांच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सगळं शांत. मग खालून कोणीतरी चटई ओढावी तसं विमान बसलं. त्याच्या मांडीवरचा स्टीलचा डबा वर गेला, छताला टण्णकन लागला आणि झाकण मागच्या सामानात जाऊन पडलं. थालीपिठाचे तुकडे काचेवर. "दादा, आपण खाली चाललोय का?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं. चढाईचा काटा उणे 900 वर, म्हणजे मिनिटाला 900 फूट खाली, होता आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. मी पूर्वेला, उतरत्या जमिनीकडे वळलो. नाक थोडं खाली करून वेग घेतला, आणि दोनेक मिनिटांत तो पट्टा संपला. त्या दोन मिनिटांत नाक वर खेचायचा मोह किती होतो, ते सांगून कळायचं नाही.

हेच त्यातलं मुख्य काम. खाली येणाऱ्या हवेत नाक वर केलं तर वेग जातो आणि तुम्ही त्याच हवेत जास्त वेळ राहता. नाक जरा खाली, वेग घ्या, आणि जमीन जिकडे उतरते तिकडे बाहेर पडा. वर नेणाऱ्या हवेत उलट: थ्रॉटल कमी, वेग कमी, मिळतेय ती उंची घ्या.

हादरे सुरू झाले की वेग मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली आणा. त्या वेगाखाली जोराचा झोत आला तर पंख भार सोसण्यापलीकडे जाण्याआधी स्टॉल होतो, म्हणजे मोडण्याऐवजी सोडून देतो. पुस्तकातला आकडा भरलेल्या विमानाचा असतो. विमान हलकं असलं की तो कमी होतो. 600 किलोला 88 नॉट असेल तर 480 किलोला 79. एकटे असताना 88 च धरून बसलात तर तुम्ही वेगात आहात. आणि फार हळूही नको, झोताने स्टॉल व्हायचा. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, वर ठेवा. ही विमानं साधारण 4 जीपर्यंतचा, म्हणजे वजनाच्या चौपट, भार सोसायला बांधलेली असतात, फ्लॅप उघडे असताना ती मर्यादा निम्म्यावर येते.

उंची राखण्याच्या मागे लागू नका. शंभर-दोनशे फूट इकडेतिकडे जाऊ द्या. पंख सरळ आणि नाक जागेवर, एवढंच धरा. दांडी मुठीत आवळू नका, दोन बोटं आणि अंगठा. मनगट मांडीवर टेकवलं तर हादऱ्याने हात उडत नाही. पट्टा हादरे बसण्याआधी आवळा, आणि सुटं सामान बांधा. माझ्या विमानात आता स्टीलचा डबा येत नाही.

लेडव्हिलला उतरताना

काट्यावरचा वेग नेहमीचाच ठेवा. जमीन मात्र भलतीच वेगाने पळताना दिसेल, कारण खरा वेग वीस टक्क्यांहून जास्त आहे. वेग जास्त वाटतो म्हणून नाक वर केलंत तर तिथेच स्टॉल. धावपट्टी 6,400 फुटांची आहे, घाई करू नका.

निघताना अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल बंद. ती अर्ध्याची जागा आधीच ठरवा: एखादा दिवा, टॅक्सीवेचं वळण. रोटॅक्सचे बिंग कार्ब्युरेटर उंचीवर हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप पातळ करतात, त्यामुळे ती खटपट नाही. 12,500 फुटांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणार असाल तर ऑक्सिजन सक्तीचा आहे. मी 10,000 नंतरच नळी लावतो, डोकं दुखत नाही. उपग्रहाला संदेश देणारा बीकन, शिट्टी, काडेपेटी आणि एक जाड जाकीट अंगावर असू द्या. मागच्या पिशवीतलं सामान अपघातानंतर हाताला लागेलच असं नाही. उड्डाणाचा आराखडा नोंदवा आणि उतरल्यावर तो बंद करायला विसरू नका, नाहीतर शोधपथक निघतं.

लेडव्हिलला उतरणाऱ्या वैमानिकाला विमानतळ प्रमाणपत्र देतो. ते घ्या, कॉफी प्या आणि बाहेर येऊन वाऱ्याच्या झोळीकडे, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे, बघा. ती भरून ताठ आडवी झाली असेल तर विमान दोरांनी बांधा, गावात खोली बघा आणि उद्या सकाळी सहाचा अलार्म लावा.